डोलणारा तहसीलदार

तांडापेठेतल्या बळीराम हेडाऊंना कांगो नदीचं खोरं तोंडपाठ होतं. तिथे पाऊस किती पडतो, झाडं किती उंच वाढतात, हे ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. शाळा चार इयत्ता. धंदा लग्नात नवरदेवाला घोडा पुरवण्याचा. नागपूरच्या बाहेर त्यांनी एका अंगाला कामठी आणि दुसऱ्या अंगाला उमरेड पाहिलेलं, बस्स. मोहल्ल्यातली शहाणी माणसं म्हणायची, "बळीरामले घोड्यानं बिघडवलं." हे बारा आणे खरं आहे. उरलेले चार आणे सांगायचे राहून जातात, म्हणून हा खटाटोप.

सासष्ट सालापर्यंत बळीराम कोष्टी होते. जातीने तर होतेच, कामानेही होते. घरातच खड्डामाग. खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे फेकत नागपुरी लुगडी विणायची. मग वस्तीत वीज आली, तिच्यावर चालणारे माग आले आणि हातमागाचं लुगडं कोणी विचारेना. बळीरामांनी माग काढला. लाकडं सरपणाच्या भावात गेली. पण खड्डा घरातच होता ना! महिनाभर हा माणूस रोज सकाळी आंघोळ करून त्या रिकाम्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि पायाखाली नसलेली मागाची पावडी दाबायचा. शेवटी बायकोने, इंदूबाईंनी, चार घमेली माती आणून खड्डा बुजवला, तेव्हा कुठे त्यांनी पाय वर घेतले.

घरात अकरा लुगडी उरली होती. ती घेऊन बळीराम उमरेडकडच्या एका मालगुजारांकडे, म्हणजे जुन्या जमीनदारांकडे, गेले. मालगुजारी सरकारने काढून घेतल्याला पंधरा वर्षं झाली होती, पण ही गोष्ट मालगुजारांनी मनावर घेतली नव्हती. मनावर घेतली होती ती फक्त मालगुजारी गेल्याच्या कागदावरची सही. ती तहसीलदाराची होती. तेव्हापासून त्यांनी एक घाट घातला आणि घोडीला पांढरं शिंगरू झालं त्या दिवशी तो तडीस नेला. शिंगराचं नाव ठेवलं तहसीलदार. ते मोठं झालं तसं तबेल्यात बांधलं आणि दार लावून घेतलं. ना बसायला काढलं, ना फिरायला. रोज सकाळी मालगुजार तबेल्याच्या झरोक्याशी जायचे, आत डोकावायचे आणि विचारायचे, "काय तहसीलदार, कसं काय?" एवढं विचारलं की त्यांना दिवसभर बरं वाटायचं. सहा वर्षं हे सुख त्यांनी भोगलं आणि वारले.

बळीराम गेले तेव्हा मालगुजारांच्या मुलाला तो तबेला ट्रॅक्टरसाठी पाहिजे होता. दार उघडं होतं. आत पांढराशुभ्र घोडा उभा. मान डावीकडे, मान उजवीकडे. अंगाचा भार या पायावर, मग त्या पायावर. डोळे कुठेच नाहीत. डावीकडे, उजवीकडे. बळीरामांच्या काखेतलं गाठोडं खाली पडलं. तोच ठेका होता, त्यांच्या धोट्याचा. ते तासभर तिथे उभे राहिले, आणि पाहणारे सांगतात की त्यांचा उजवा पाय जमिनीवर पावडी दाबत होता.

"घेऊन जा गा," मालगुजारांचा मुलगा म्हणाला. "पण नाव बदलवाचं नाई. बापाची शेवटची इच्छा हाये."

अकरा लुगड्यांत तहसीलदार आला. दोन दिवस पायी चालत बळीरामांनी त्याला नागपुरात आणलं. वाटेत घोडा एकदाही डोलला नाही, तेव्हा त्यांना वाटलं, दुखणं उमरेडलाच राहिलं. घराला लागून सुताचे गठ्ठे ठेवायची एक खोली होती, तिच्यात त्याला बांधलं आणि ते पाणी आणायला वळले. परत येऊन पाहतात तर डावीकडे, उजवीकडे.

इंदूबाई दारात उभ्या राहिल्या. कपाळावर हात मारून म्हणाल्या, "माग इकला तं इकला. आता हा जिता माग कोठून आणला बाप्पा!"

मग उपाय सुरू झाले. कोणी म्हणालं, दोन्ही अंगांना विटा टांगा, गालाला लागल्या की आपोआप थांबेल. टांगल्या. चार दिवस घोड्याच्या गालाला विटा लागल्या. पाचव्या दिवशी त्याने विटांनाच ठेका शिकवला. घोडा डावीकडे गेला की विटाही डावीकडे. त्या शिस्तीत मधे आले ते एकटे बळीराम, आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ घेऊन बाहेर पडले. कोणी म्हणालं, सोबतीला शेळी बांधा. बांधली. आठ दिवसांत शेळी डोलायला लागली. दूध आटलं. ती इतवारीतल्या एका गृहस्थाला विकली, तर तो तिसऱ्या दिवशी शेळी परत घेऊन आला आणि म्हणाला, "घरचं म्हतारं माणूस तिच्याकडे पाहू पाहू चक्कर येऊन पडलं."

शेवटी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हातारे होते आणि त्यांना घाई नव्हती. घोड्याकडे पाहत त्यांनी अख्खी विडी संपवली.

"कोंडून ठेवला होता का?"

"सहा वर्सं, साहेब."

"मंग बरोबर हाये. हे दुखणं नाई, खोड हाये. एकटं उभं राहू राहू लागते. कोणी लाकूड चावते, कोणी हवा गिळते, कोणी डोलते."

"वय झाल्यावर जाईन का, साहेब?"

डॉक्टरांनी विडी पायाखाली चिरडली. "भितीतली ओल पाह्यली का? वरून चुना मारला का दिसत नाई. अंदर असतेच. सोबत भेटली तं खोड दबते, एकटं पडलं का वर येते."

"शेळीची सोबत देल्ली न!"

"शेळी त्याले पसंत नसन," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या म्हशीकडे वळले.

बळीराम वाटभर विचार करत आले. इंदूबाईंनी मात्र निकाल देऊन टाकला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. हे म्हणताना त्या घोड्याकडे पाहत नव्हत्या, नवऱ्याच्या उजव्या पायाकडे पाहत होत्या.

खायला काळ आणि भुईला भार असं जनावर पोसायचं कसं? पांढरा घोडा, तेव्हा लग्नाला द्यावा असं ठरलं. पहिलीच वरात इतवारीतली. घोडा चालत होता तोवर ठीक होतं. पण नागपूरची वरात ती! दहा पावलं चालते आणि अर्धा तास नाचते. चौकात वरात थांबली आणि तहसीलदार सुरू झाला. वर नवरदेव, डावीकडे, उजवीकडे. बाशिंगाच्या माळा या गालावर, त्या गालावर. मुलीकडच्यांत कुजबुज सुरू झाली की नवरदेव पिऊन आला आहे. मुलीचा मामा तर स्टूल आणून वर चढला आणि त्याने सगळ्यांदेखत नवरदेवाच्या तोंडाचा वास घेतला. बळीरामांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात बँडमास्तर गोविंदाने डोकं चालवलं. चालू गाणं मधेच तोडून त्याने घोड्याच्या ठेक्यावर दुसरं धरलं. ढोल डावीकडे, ताशा उजवीकडे. लोकांना वाटलं, घोडा नाचतो आहे! मामा स्टुलावरून उतरला तो थेट नाचायला.

तिथून बळीरामांचं नशीब उघडलं. तांडापेठेचा डोलणारा घोडा पाहिजे म्हणून पार धंतोलीतल्या डॉक्टरांची माणसं यायची. एका लग्नात खरेखुरे तहसीलदार पाहुणे होते. कोणीतरी मागून "तहसीलदार, थांब!" म्हणून ओरडलं, आणि थांबले ते साहेब, घोडा नाही. सात वर्षं खोडीने घर चालवलं. घराला विटांच्या भिंती आल्या, आणि त्या टांगलेल्या विटाही बळीरामांनी त्यातच घालून टाकल्या.

इंदूबाईंना मात्र हे डोलणं डोळ्यांसमोर नकोसं व्हायचं. कारण होतं त्यांची एकुलती एक पोरगी प्रेमिला. ती मॅट्रिकला भूगोलात नापास झाली. गणितात पास, इंग्रजीत पास, भूगोलात नापास, असं तालुक्यात कोणी केलं नसेल ते तिने केलं, आणि एकदा नव्हे, तीनदा. मोहल्ल्यातल्या बाया बोलायला लागल्या. दारात डोलता घोडा असला की त्या घरात काही टिकत नाही. पोरीच्या डोक्यात तरी कसं टिकेल? स्थळं आली ती चहा पिऊन गेली.

इंदूबाईंनी मग त्र्याहत्तर साली एक काम चोरून केलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. मोठ्या बाईसारखा पुतळा गल्लोगल्ली मिरवतात आणि ज्याला जे नको असेल ते तिच्या पदरात टाकून लोक ओरडतात. पुढे तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. त्या गर्दीत माणसं "खोकला, ताप, महागाई घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत होती, तेव्हा इंदूबाई डोक्यावरचा पदर दातांत धरायचा सोडून ओरडल्या, "घोड्याचं डोलणं घेऊन जा गे मारबत!" शेजारच्या माणसाने चमकून पाहिलं. पण मारबतीने ऐकलं असावं.

कारण महिनाभरातच घोडा थांबला. पावसाळ्यात लग्नं नसतात, तेव्हा बळीराम दिवसभर दुसऱ्याच्या मागावर सूत भरायला जायचे आणि दिवेलागणीला यायचे. घोड्याचं दाणापाणी प्रेमिलाकडे होतं. पुस्तक उघडलं की आई "अजून भूगोलच का वं?" म्हणते, आणि घोडा काही म्हणत नाही, म्हणून ती पुस्तक घेऊन घोड्याच्या खोलीत बसायला लागली होती. गव्हाणीला पाठ टेकून मोठ्याने वाचायची. "कांगो नदीच्या खोऱ्यात वर्षभर पाऊस पडतो." एकेक वाक्य दहादा. तहसीलदार मान खाली घालून तिच्या डोक्यावर उष्ण श्वास सोडत शांत उभा राहायचा. इंदूबाईंनी हे पाहिलं आणि मनातल्या मनात मारबतीला हात जोडले. घरात तीन माणसं, आणि डॉक्टरांचं बोलणं एकालाही आठवलं नाही.

तुळशीची लग्नं झाली आणि उमरेडहून महादेवराव पराते आपल्या मुलासाठी मुलगी पाहायला आले. मुलगा रविंद्र कोळशाच्या खाणीत हजेरी लिहायचा. सरळ पोरगा. प्रेमिलाला त्याने नापासाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. "घोड्याचं नाव तहसीलदार काहून?" एवढंच विचारलं आणि तिने सांगितल्यावर इतका हसला की बशीतला चहा सांडला. प्रेमिला आत जाऊन आईला म्हणाली, "आता दुसरं कोणी दाखवू नको." असं ती याआधी कधी बोलली नव्हती.

महादेवराव मांडी ठोकून म्हणाले, "ईवाई, मले हुंडा नको, मानपान नको. दोन सालांपयले म्या तुमचा घोडा एका वरातीत पाह्यला. तवापासून डोयात भरला हाये. माहा पोरगा त्याच घोड्यावर डोलत डोलत मांडवात आला पाह्यजे. उमरेडले सांगून आलो म्या. घोडा डोलला नाई तं पोरगा खाली उतरणार नाई, घोडा फिरवून वापस नेईन. आमची जबान एक!"

"एवढंच न!" बळीराम छाती फुगवून म्हणाले आणि त्यांना घोडा दाखवायला घेऊन गेले. घोडा खांबासारखा उभा.

"डोलत काहून नाई?"

"बाजा नाई न, ईवाई. बाजा वाजला का पाहा."

महादेवरावांचं समाधान झालं. बळीरामांचं मात्र आठ दिवसांनी झालेल्या वरातीत पाणी पाणी झालं. गोविंदाने बँड फाटेस्तोवर वाजवला. तहसीलदार चौकात उभा राहून शांतपणे एका दुकानाची पाटी पाहत होता. लोक म्हणाले, घोडा बदलला.

वैशाखातली तारीख धरलेली, आणि ज्या खोडीसाठी विटा टांगल्या, शेळी आणली, डॉक्टर केले, ती खोड आता शोधून सापडेना. पोरीचं सोन्यासारखं स्थळ एका घोड्याच्या चांगल्या वागणुकीमुळे मोडणार! तेव्हा इंदूबाईंनी रडत रडत मारबतीची गोष्ट कबूल केली.  बळीरामांनी टोपी घातली आणि जिथे मारबत बनवतात त्या मोहल्ल्यात गेले. तिथला एक म्हातारा ओट्यावर बसून पुतळ्यासाठी बांबूच्या कांब्या सोलत होता.

"बाबाजी, मारबतीले देल्लेलं वापस भेटते का?"

"काय देल्लं होतं?"

"घोड्याची खोड."

म्हाताऱ्याने कांबी खाली ठेवली. चाळीस वर्षांत त्याला असं कोणी विचारलं नव्हतं. "मारबत घेऊन जाते गा, आणून नाई देत. आन् तिले तं जाळली. राखेत खोड कशी ओळखशीन?"

मग बळीरामांनी स्वतःच शिकवायचं ठरवलं. रोज सकाळी कामावर जाण्याआधी अर्धा तास ते घोड्यासमोर उभे राहायचे आणि डोलायचे. डावीकडे, उजवीकडे. तहसीलदार कान टवकारून पाहायचा. पोटभर पाहिलं की गवताला तोंड लावायचा. घोडा काही शिकला नाही, पण बळीराम शिकले. चार महिन्यांनी त्यांना सरळ उभं राहता येईना. रेशनच्या रांगेत ते डोलायचे आणि त्यांच्यामागची अर्धी रांग न कळत डोलायची. दुकानदार ओरडायचा, "ए भाऊ, असा डोलू नको, मले गरगरते!"

मार्चमध्ये प्रेमिलाने चौथ्यांदा परीक्षा दिली. परीक्षा संपली तरी दुपारी घोड्याजवळ बसून वाचायचं काही तिने सोडलं नाही. तिलाही खोड लागली होती म्हणायची.

वैशाख उजाडला. लग्नाच्या चार दिवस आधी प्रेमिलाला हळद लागली आणि हळद लागलेल्या पोरीने उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून ती घरात बसली. घोड्याला दाणा कोणी टाकला, पाणी कोणी पाजलं, कोणाला ठाऊक. जो दिसेल तो टाकत होता. बळीराम मांडवाच्या कामात. लग्नाच्या सकाळी गोविंदा येऊन घोडा घेऊन गेला आणि जिथे वरपक्ष उतरला होता त्या जानोशावर त्याने तो बांधला. बळीरामांनी घोड्याकडे पाहिलंही नाही. पाहायची हिंमतच नव्हती.

संध्याकाळी मांडवाच्या दारात दोघं नवरा-बायको उभी होती. लांबून बाजा ऐकू आला. इंदूबाई देवाचं नाव घेत होत्या. बळीराम डोलत होते. वळणावर आधी पेट्रोमॅक्सच्या बत्त्या दिसल्या, मग गोविंदाची लाल टोपी, आणि मग बाशिंग. बाशिंग डावीकडे गेलं. बाशिंग उजवीकडे गेलं.

"डोलून राहिला!" इंदूबाई किंचाळल्या. "अहो, डोलून राहिला न वं माय!"

डोलत होता म्हणजे काय, सात वर्षांत डोलला नाही असा डोलत होता. मान पार खांद्यापर्यंत जात होती. रविंद्र वर दोन्ही हातांनी खोगीर धरून बसला होता. महादेवराव घोड्यासमोर उलट्या पावलांनी चालत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते उमरेडच्या एकेकाला ओढून दाखवत होते. बळीराम धावत पुढे गेले. हसत हसत त्यांनी घोड्याच्या मानेवर हात ठेवला.

मान घामाने निथळत होती. त्यांनी घोड्याच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे कुठेच नव्हते. अगदी तसेच, मालगुजारांच्या तबेल्यातल्यासारखे. आणि मग बळीरामांना सगळं एकदम कळलं. मारबत नाही, बाजा नाही. चार दिवस पोरगी त्याच्याजवळ गेली नव्हती. आठ महिने या जनावराला कोणी एकटं सोडलं नव्हतं, आणि आता सोडलं. पोरीचं लग्न वाचलं होतं, आणि बाप घोड्याच्या मानेला धरून ढसाढसा रडत होता. लोक म्हणाले, आनंदाने रडतो आहे, बिचाऱ्याचं ओझं उतरलं.

तेवढ्यात प्रेमिला हातात हार घेऊन मांडवाच्या दाराशी आली. पिवळं लुगडं, डोक्यावर पदर. हळू आवाजात ती कोणाला तरी काहीतरी म्हणाली. तहसीलदाराचे कान ताठ झाले. मान मधोमध आली आणि तिथेच थांबली. घोडा खांबासारखा उभा राहिला.

बाजा बंद पडला. महादेवराव ओरडले, "काहून थांबला? मांडवात डोलत जाचं ठरलं होतं! पोरगा उतरणार नाई! ईवाई, जबान म्हणजे जबान!"

"बाबा," वरून रविंद्राचा क्षीण आवाज आला, "थांबला हाये तवर उतरू द्या मले. पोटात ढवयून राह्यलं."

आणि बापाच्या उत्तराची वाट न पाहता त्याने उडी मारली, मांडवाच्या मागे जाऊन ओकून आला, चूळ भरली आणि हार घालायला उभा राहिला. महादेवराव चार लोकांसमोर "पोराची तब्येत पयले" असं म्हणून मोकळे झाले. जबानीचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रेमिला उमरेडच्या एसटीत बसून गेली. एसटी वळली तोच घरातून धपधप आवाज यायला लागला. घोड्याचे खूर, या पायावर, त्या पायावर. आठवडाभरात गोविंदा सात वरातींचा निरोप घेऊन आला. "चाचा, तुमचं तं पुन्हा चालून राह्यलं!"

बळीरामांनी सातही नाकारल्या. "आता तो साधा घोडा हाये. साध्या वराती असन तं सांग."

"डोलून तं राह्यला!"

"थांबन," बळीराम म्हणाले.

पण थांबेल कसा? ते जवळ बसून राहायचे. घोडा डोलायचा. गप्पा मारून पाहिल्या, पण बळीरामांना बोलायला काही सुचायचं नाही, आणि दोघंही समोरासमोर डोलत राहायचे. एक दिवस गव्हाणीतलं जुनं गवत काढताना त्यांच्या हाताला भूगोलाचं पुस्तक लागलं. कव्हर घोड्याने खाल्लेलं. ते चष्मा लावून उभे राहिले आणि अक्षराला अक्षर जोडत मोठ्याने वाचायला लागले. "कां-गो न-दी-च्या..." चौथ्या ओळीला तहसीलदाराची मान थांबली. डॉक्टर खरं बोलले होते. ओल भिंतीतच होती. पण चुना रोज मारता येतो, हे बळीरामांना कळलं आणि त्या दिवसापासून दुपारी दोन तास वाचन सुरू झालं. जूनमध्ये निकाल आला. प्रेमिलाला भूगोलात एकोणचाळीस. पेढ्यांपैकी पहिला पेढा घोड्याला गेला. मोहल्ला पोट धरधरून हसला. इंदूबाई सांगायच्या, "माणसाले खोड लागली. घोड्याची तं बरी होती, तिच्यात दाणा भेटत होता."

पंचमीला पहिल्या वर्षी पोरगी माहेरी येते. प्रेमिला दुपारच्या एसटीने आली. गल्लीत शिरली तेव्हाच तिला अडखळत वाचण्याचा आवाज ऐकू आला. पिशवी न ठेवताच ती घोड्याच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत तहसीलदार मान खाली घालून शांत उभा होता. त्याच्यासमोर तिचा बाप पुस्तक डोळ्यांशी धरून वाचत होता, आणि वाचता वाचता डोलत होता. डावीकडे, उजवीकडे. याच घरात ती वाढली होती, पण आपल्याशिवाय ते कसं दिसतं हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

"तेथे सू-र्य-प्रका-श ज-मि-नी-प-र्यं..." बळीराम अडकले.

"जमिनीपर्यंत पोचत नाही," ती दारातून म्हणाली.

बळीरामांनी वळून पाहिलं.  नाक पुसलं आणि पुस्तक तिच्यापुढे धरलं. प्रेमिला गव्हाणीला पाठ टेकून बसली, कव्हर नसलेलं पुस्तक उघडलं आणि तिथूनच पुढे वाचायला लागली. झाडं किती उंच, पाऊस किती, ऋतू किती. घोड्याने तिच्या डोक्यावर उष्ण श्वास सोडला. बळीराम भिंतीशी उभे होते. पहिल्या परिच्छेदाला ते डोलत होते. दुसऱ्याला थोडं कमी. नदी समुद्राला मिळाली तेव्हा तिने मान वर करून पाहिलं, तर बाप सरळ उभा होता.

"वाच न," ते म्हणाले. "काहून थांबली?"